दहाच्या आत: लातुरात चार मैफिली केल्या त्याची गोष्ट

"मॅडम, खिशातून किती घातले?" हा प्रश्न मला गेल्या चार महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. उत्तर आधीच देऊन टाकते: 3,800 रुपये. आम्ही सहा जण होतो, सगळ्यांचे तेवढेच. मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवते, त्यामुळं वही आपोआप माझ्याकडं आली. औशाहून एक आणि उदगीरहून दोघांनी 'आमच्याकडं असं करायचंय, सुरुवात कुठून करावी' असं विचारलं, म्हणून ती वही समोर घेऊन बसलेय.

सुरुवात फेब्रुवारी 2024 ची. नांदेडला संगीत शंकर दरबार हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव ऐकून आम्ही चौघं रात्री गाडीनं परत येत होतो. झोप येऊ नये म्हणून दर अर्ध्या तासाला चहा. दरवर्षी हेच. चांगलं गाणं ऐकायचं तर नांदेड, नाहीतर संभाजीनगर, नाहीतर डिसेंबरात रजा टाकून पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव. लातुरात मुलं डॉक्टर व्हायला येतात, गाणं ऐकायला आपण बाहेर जायचं. बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका मागच्या सीटवरून म्हणाले, "एवढ्या डिझेलच्या पैशात एक तबलजी लातूरला आला असता."

जूनमध्ये सहा जण जमलो. काका, मेडिकलवाले दादा, संगीत विशारद झालेली माझी मैत्रीण, कृषी खात्यातले एक जण आणि त्यांची बायको, आणि मी. ठरलं ते असं: कोजागिरी ते वसंत पंचमी, चार मैफिली.

पहिले दोन महिने लोकांचं एकच, "आपल्याकडं कोण ऐकतंय शास्त्रीय?" याचा मला राग येतो. ज्या 'संगीत रत्नाकर' ग्रंथावर सगळा देश शास्त्र म्हणून बोट ठेवतो, तो तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या दरबारात लिहिला गेला. शार्ङ्गदेव इथलाच, म्हणजे आजोबा काश्मीरचे, पण नोकरी आपल्याकडची. शास्त्रीय गायक पं. नाथराव नेरळकर नांदेडचे. हे सगळं मी दुकानादुकानात वर्गणी मागताना ऐकवलं. शार्ङ्गदेवाच्या नावावर एकही रुपया सुटला नाही, ही गोष्ट वेगळी.

जुलै गेला तो 'आयोजक कोण' या एका प्रश्नात. हॉलवाला विचारतो, पोलीस विचारतात, देणगीदार पावती मागतो. सहा मित्र म्हणजे कायद्याच्या नजरेत कोणीच नाही. आपली संस्था काढायची तर किमान सात सभासद, 1860 च्या कायद्याखाली नोंदणी, मग 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, मग पॅन, मग बँक खातं. कोजागिरीपर्यंत हे होणार नव्हतं. नोंदणी नसताना वर्गणी गोळा करायची तर गणेश मंडळं घेतात तशी त्याच 1950 च्या कायद्यातल्या कलम 41 क ची परवानगी घ्यावी लागते. दादांनी तोडगा काढला. गावातलं एक जुनं वाचनालय, नोंदणीकृत, खातं चालू, ऑडिट वेळेवर. त्यांना म्हणालो, कार्यक्रम तुमच्या नावावर, राबणार आम्ही.

ते तयार होते, पण ठराव पाहिजे. पहिल्या सभेला गणपूर्ती झाली नाही. दुसऱ्या सभेला अध्यक्ष नातवाच्या जावळाला गेले. ठराव हातात पडला तो 9 ऑगस्टला, पाच आठवड्यांनी. तुम्ही करणार असाल तर हे सगळ्यात आधी करा. ठरावाच्या पाच खऱ्या प्रती काढून शिक्क्यासकट फाइलला लावून ठेवा. आम्हाला आठ लागल्या.

मग पास. चार मैफिलींचा मिळून 400 रुपये. दादांना जीएसटीची धास्ती होती. वाचनालयाच्या सीएंनी समजावलं की संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, आणि शास्त्रीय कलाकाराचं मानधन दीड लाखाच्या आत असेल तर त्यावरही नाही. आमची झेप दीड लाखाच्या जवळपासही जाणार नव्हती, त्यामुळं तो विषय तिथंच संपला. टीडीएसचा, म्हणजे मानधनातून आधीच कापायच्या कराचा, मात्र संपला नाही, तो पुढं येतो.

वर्गणीसाठी ऑगस्ट-सप्टेंबर भर बाजारात फिरलो. आपल्याकडं सगळं सोयाबीनवर चालतं. तेव्हा हमीभाव 4,892 होता आणि आडतीत भाव त्याच्या खाली, मग आडत्या गाण्याला काय देणार? एक शेठ म्हणाले, "मॅडम, भाव पाच हजार झाला की तुम्हाला पाच हजार." त्या सीझनभर झाला नाही. तरीही, गंजगोलाई बाजारातल्या छोट्या दुकानदारांनी दोनशे-पाचशे करत जे दिलं ते मोठ्यांच्या आश्वासनांपेक्षा जास्त भरलं. एकूण देणग्या 1,51,000. पास गेले 143.

तानपुरे लातुरात चांगले नव्हते. मैत्रिणीच्या क्लासमधल्या जोडीची जवारी, म्हणजे तारेला गुंजता नाद देणारी घोडीची घडण, गेलेली, आवाज पत्र्यासारखा. शेवटी मिरजेहून एक जोडी सीझनभर भाड्यानं आणली. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. आठ वर्षांनी त्याच मिरजेहून दोन भोपळे आले, गाडीच्या मागच्या सीटवर, दोन रजयांत गुंडाळून. काका म्हणाले, "मिरजेचे आपल्यावर लई उपकार हायत." वाद्य कधीही डिकीत आडवं टाकू नका. आणि उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नका, भोपळ्याला तडा जातो.

पहिली मैफल कोजागिरीची, बुधवार, 16 ऑक्टोबर. जागा म्हणजे कृषीवाल्यांच्या अपार्टमेंटची गच्ची. गायक अंबाजोगाईकडचा तरुण मुलगा, पुण्यात शिकून आलेला. ध्वनिक्षेपकाच्या परवान्याचा अर्ज आम्ही 24 सप्टेंबरलाच टाकला होता. सोबत जागेच्या मालकांचं संमतीपत्र, साउंडवाल्याचं आधार, वाचनालयाचा ठराव, आणि कार्यक्रम दहाला बंद करू असं लेखी. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा चालत नाही. वाद्यंसुद्धा चालत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. परवाना 14 तारखेला हातात आला. त्या रात्री मी आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट झोपले.

मंगळवारी, 15 ऑक्टोबरला, दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली.

संध्याकाळी सहाला ठाण्यातून फोन. "मॅडम, आचारसंहिता लागली. आधीचे परवाने थांबलेत. निवडणूक शाखेचं ना-हरकत आणा, मग बघू." निवडणूक शाखेत गेलो तर टेबलंच मांडायचं चालू होतं. कोणाकडं अर्ज द्यायचा हे त्यांनाही कळत नव्हतं, आणि मी त्यांना दोष देत नाही. रात्री साडेआठला सहा जण गच्चीवर बसलो. रद्द करायचं का? 90 लोकांना निरोप गेलेले. 20 लिटर दूध सांगितलेलं.

गायकाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, माईक नसला तर नसला. लोकांना जवळ बसवा."

म्हणून पहिली मैफल बिनमाईकची झाली. गाद्या अर्धगोलात, पहिली रांग गायकापासून चार फुटांवर. तबलजींनी आधीच सांगितलं, "मी हात राखून वाजवतो, पण पंखे बंद करा." आठच्या सुमाराला यमन राग सुरू झाला आणि पहिली पाच मिनिटं लोक चुळबुळत होते, कारण आवाज कानाकडं येत नव्हता, कानालाच त्याच्याकडं जावं लागत होतं. मग हळूहळू सगळी गच्ची गप्प झाली. खालून कुकरच्या शिट्ट्या, लांब रिंगरोडवरचे ट्रक. चंद्र ढगांत जाऊन-येऊन. शेवटी चंद्रकंस. कोमल गंधार आणि शुद्ध निषादाच्या मध्ये तो मुलगा जे काही करत होता ते मला आजही सांगता येणार नाही, पण तानपुऱ्याच्या तारेवरून त्याच्या पाठीमागच्या मुलीची बोटं कशी सरकत होती ते दिसतंय. पावणेदहाला संपलं. आटीव दूध प्यायला लोक उठलेच नाहीत, आम्हाला पेले गादीवर नेऊन द्यावे लागले. साउंडवाल्यानं आगाऊ घेतलेल्या तीन हजारांतले दोन ठेवून घेतले. बरोबरच होतं, त्यानं त्या दिवशीचं एक लग्न सोडलं होतं.

दुसरी मैफल पाडवा पहाट, शनिवार, 2 नोव्हेंबर, एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर. पुण्याच्या एक गायिका. आता निवडणूक शाखेची घडी बसली होती. अर्ज, ठाण्याचा अहवाल, जागेचा नकाशा, आणि हमीपत्र: व्यासपीठावर कोणताही उमेदवार वा पक्षाचा पदाधिकारी नसेल, प्रचार होणार नाही. ते मुद्रांकावर मागितलं. मुद्रांक विक्रेत्याकडं मी शंभराची नोट पुढं केली.

"शंभराचा बंद झाला मॅडम. 16 तारखेपासून पाचशे."

"एका पानाला पाचशे?"

"मी थोडीच वाढवले? सरकारनं वाढवले."

काका तिथंच वाद घालायला उभे. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे, तसा 2004 चा आदेश आहे. काकांचं खरं होतं. पण समोर 25 माणसांची रांग, दिवाळी पाच दिवसांवर, आणि टेबलावरच्या साहेबांना 'हे प्रतिज्ञापत्र नाही, हमीपत्र आहे' असं वाटत होतं. मी पाचशे भरले. तुमच्याकडं वेळ असेल तर तो आदेश छापून सोबत ठेवा. परवानगी 31 तारखेला, म्हणजे नरकचतुर्दशीला, अंगाला उटणं लागलेलं असताना फोनवर कळली.

पहाटेच्या कार्यक्रमात एक अडचण अशी, जी मला कोणीच सांगितली नव्हती. सहाच्या आधी माईक लावता येत नाही, म्हणजे साउंड-चेकही करता येत नाही. तो आदल्या रात्री दहाच्या आत उरकला. पण सकाळची हवा वेगळी, दव पडलेलं, आणि तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओलाव्यानं सैल झालेली. रात्री जो सूर लावला होता तो सकाळी उतरलेला. तबलजी सव्वापाचपासून खोलीत हातोडी घेऊन गट्ठे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, ठोकत बसले होते. त्यांनी दोन हॅलोजन मागवून तबला त्याच्या उबेला ठेवला. तुम्ही पहाटेचं करणार असाल तर वाद्यांना बंद खोली आणि एक हिटर द्याच.

दुसरं, ललत राग. ललतात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावतात. गायिका ताईंनी सहाला वीस मिनिटं असताना खोलीत दिवा मालवायला सांगितला आणि दोन्ही तानपुरे स्वतः लावायला घेतले. मी दाराशी चहा घेऊन उभी. मध्यमाच्या तारेची खुंटी केसभर फिरवायची, मणी खाली सरकवायचा, ऐकायचं, परत मणी वर. घोडीवरचा, तारेखालचा दोरा नखानं जरासा हलवला आणि एकदम त्या खोलीत कोणीतरी दुसरंच माणूस आल्यासारखा नाद उभा राहिला. चहा गार झाला. मी आत जाऊन विचारलंच नाही.

सहा वीसला सुरुवात झाली तेव्हा लॉनवर 38 माणसं होती. मी मोजली. साडेसातपर्यंत सव्वादोनशे झाली, पण तोवर ललत संपून तानपुरे परत पंचमाला लावायला घेतले होते, तोडीसाठी. नवे कपडे घालून आलेले लोक विचारत होते, "सुरू व्हायचंय का अजून?" पत्रिकेवर आम्ही 'पहाटे 6' छापलं होतं. आपल्याकडं त्याचा अर्थ 'सातनंतर केव्हाही' होतो. पुढच्या वेळी पत्रिकेत रागाचं नाव आणि वेळ दोन्ही छापणार आहे. 'ललत, 6.15'. ज्याला चुकवायचाय त्यानं समजून चुकवावा.

सव्वाआठला दादांच्या मोबाइलवर फोन. "भाऊ तिकडंच येऊलालेत. दोन मिनिटं, नुसत्या शुभेच्छा." दादांचा चेहरा पडला. भाऊंना नाही कसं म्हणायचं, गावात राहायचंय. मी पाचशेच्या कागदाचा फोटो पाठवायला सांगितला, सहीसकट. भाऊ आले नाहीत. ते पाचशे त्या दिवशी पूर्ण वसूल झाले. तोडी मध्येच तुटली असती.

टीडीएसचं इथं झालं. ताईंचं मानधन 35,000. त्या वर्षीच्या नियमानं आर्थिक वर्षात तीस हजारांवर रक्कम गेली म्हणून सीएंनी दहा टक्के कापायला लावले, आणि हे आम्ही त्यांना आधी सांगायचंच विसरलो. धनादेश 31,500 चा. त्यांनी बघितला, काही बोलल्या नाहीत, फक्त, "16 ए वेळेवर पाठवा हं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पॅनची प्रत आणि कापून किती मिळतील हा आकडा पहिल्याच फोनवर ठरवा. त्या दुपारी घरी धपाटे, दही आणि शेंगांची चटणी जेवल्या, दोन पुड्या चटणी बांधून घेतली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. ते 16 ए, म्हणजे टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र, मी स्वतः पाठपुरावा करून पाठवलं.

मधला नोव्हेंबर मतदानात गेला. 23 ला निकाल लागले आणि त्यानंतर बाजारात वर्गणी मागणं थोडं सोपं झालं, कारण तोपर्यंत सगळेच मागत होते.

तिसरी मैफल तबला सोलोची, रविवार, 22 डिसेंबर. ही ऑगस्टमध्येच ठरलेली. खरं सांगायचं तर आम्ही तिला सगळ्यात पडेल समजत होतो. सोलो कोण ऐकणार, तेही गाण्याशिवाय? 15 तारखेला रात्री मोबाइलवर उलटसुलट निरोप सुरू झाले. झाकीर हुसेन गेले, नाही गेले, गंभीर आहेत. सकाळी खरं ठरलं. सॅन फ्रान्सिस्कोत, 73 व्या वर्षी. काकांनी फोन केला आणि दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत.

त्या आठवड्यात पासची विचारणा थांबेचना. लोकांना वाटलं आम्ही श्रद्धांजली म्हणून कार्यक्रम ठेवला. ट्यूशन एरियातली नीटची पोरं आली, 40 तरी असतील, पाठीवर बॅगा. त्यांना आम्ही फुकट सोडलं. दोघं-तिघं सोडली तर कोणी आयुष्यात एकही मैफल बघितलेली नव्हती. झाकीरजींचे मोबाइलवरचे तुकडे बघून आलेली.

जागा बंद सभागृहाची. नियमात बंद सभागृहाला रात्रीच्या बंदीतून सूट आहे, पण हॉलचं भाडं पाच ते दहाचं आणि पुढच्या दर अर्ध्या तासाला जास्तीचे पैसे, म्हणजे दहा ते दहाच. आणि इथं आमचं घोडं पेंड खाल्लं. वाचनालयाच्या अध्यक्षांना सत्कार करायचे होते. त्यांच्याच नावावर कार्यक्रम, नाही म्हणता येईना. दीपप्रज्वलन, त्यात वात पेटेना. पाहुण्यांचा परिचय. हॉलच्या व्यवस्थापकाचा, साउंडवाल्याचा, देणगीदारांचा सत्कार. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. घड्याळ लावून बसले होते मी: 34 मिनिटं. कलावंत विंगेत तबला मांडीवर घेऊन बसलेले, आणि गारठ्यात ताणलेली पुडी परत उतरत चाललेली. माझं मत आता पक्कं आहे. सत्कार करायचाच तर जेवणाच्या ताटावर करा.

तरी तीनतालात, म्हणजे सोळा मात्रांच्या तालात, एक तास मिळाला. पेशकार, म्हणजे सोलोची सुरुवात, हळू, इतका हळू की मागचे दोघं उठून गेले. मग कायदा, म्हणजे ठरावीक बोलांचा विस्तार. कलावंतांनी मध्येच थांबून पोरांकडं बघत विचारलं, "सोळा मोजता येतात ना? मग मोजा माझ्याबरोबर." लेहऱ्यावर, म्हणजे साथीला फिरत राहणाऱ्या सुरावटीवर, बोटं मोजत अख्खा हॉल. पहिल्या चक्रदाराला, म्हणजे तीनदा वाजवून समेवर (पहिल्या मात्रेवर) येणाऱ्या रचनेला, अर्धे लोक चुकले, दुसऱ्याला एकदम सगळ्यांचे हात खाली आले. बाहेर पडताना एका पोरानं मला विचारलं, "मॅडम, नववी मात्रा रिकामी का सोडतात?" मी पुस्तपालनाची मास्तरीण. त्याला मैत्रिणीकडं पाठवलं. तो आता रविवारी तिच्याकडं जातो, असं ऐकलंय. नीट झाल्यावर तबला घेणार म्हणतो.

हॉलचं डिपॉझिट 10,000. ते 47 दिवसांनी परत मिळालं, दीड हजार कापून, 'भिंतीला खिळे' म्हणून. खिळे आमचे नव्हते. हॉल ताब्यात घेताना भिंतींचे, खुर्च्यांचे, पडद्याचे मोबाइलवर फोटो काढा, तारखेसकट. मला हे आधी सुचलं नाही, आणि मी शिकवते पुस्तपालन.

चौथी मैफल वसंत पंचमीची, रविवार, 2 फेब्रुवारी 2025. तारीख मुद्दाम धरली होती. 11 तारखेला बारावीची परीक्षा सुरू होणार होती, आणि त्यानंतर लातुरात संध्याकाळी आवाज करणाऱ्याला शेजारीच परवानगी देत नाहीत. याच हॉलमध्ये, पण आता अध्यक्षांशी आधी बोलून. "एकच नारळ, एकच मिनिट," ते म्हणाले, आणि पाळलं. तिसऱ्या मैफलीवेळचं 34 मिनिटांचं त्यांना मी वहीत दाखवलं होतं, त्याचाही उपयोग झाला असेल.

पण गायक अडकले. पुण्याहून सकाळी नऊला निघालेली गाडी टेंभुर्णीच्या पुढं बंद पडली. पोचले सात वाजता. साडेपाचपासून 200 लोक. मैत्रिणीच्या विद्यार्थिनींनी दोन नाट्यपदं आणि एक भजन म्हटलं, काकांनी सोयाबीनवर एक विनोद सांगितला, तो कोणाला हसू आणण्यासारखा नव्हता. बाहेरगावच्या कलावंताला आदल्या रात्रीच बोलवा. लॉजचे 1,800 वाचवायला जाऊन आम्ही दीड तास घालवला.

साडेसातला सुरुवात. पूरियाधनाश्री, मग मध्यंतर न घेता बहार. पावणेदहा झाले तेव्हा अजून बसंत व्हायचा होता. हॉलचा वॉचमन विंगेतल्या स्विचबोर्डापाशी येऊन उभा राहिला. गायकांनी त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. मी त्यांना बोटं दाखवली, दहा. त्यांनी आलाप टाळला आणि थेट द्रुत बंदिश धरली. तार षड्जावरून खाली येणारी ती बसंताची ओढ, दहा मिनिटांत जेवढी बसते तेवढी. टाळ्या अजून चालू असतानाच मागचे दिवे गेले.

एकूण खर्च 2,31,000. मानधनं 1,34,000, प्रवास-मुक्काम-जेवण 38,500, जागा 24,000, साउंड 21,500, बाकी तानपुऱ्याचं भाडं, छपाई, मुद्रांक मिळून 13,000. जमा 2,08,200. कमी पडलेले 22,800 सहा जणांत.

मार्चमध्ये वाचनालयाच्या सभेत हिशोब मंजूर झाला. यंदा गणपूर्ती पहिल्याच सभेत झाली. पुढच्या सीझनचा ठराव तिथंच घेऊन ठेवला, दहा प्रती. 2025 ची कोजागिरी 6 ऑक्टोबरला येत होती, सोमवारी. काकांनी सभेतच शंका काढली, "अन् महापालिकेची आचारसंहिता लागली तर?"

कृषीवाल्यांना विचारून ठेवलंय. गच्ची मोकळी आहे.